पत्ता आणि किती डझन

सकाळी वर्तमानपत्र उघडले की त्यातून चार-दोन हँडबिले जमिनीवर घसरतात, आणि घरातील इतर मंडळी बातम्यांत गुंतलेली असताना मी ती उचलून मन लावून वाचतो. शिकवणीचे वर्ग, साड्यांचा सेल, घरगुती पोळी-भाजी केंद्र असा त्यांचा संसार असतो. कागद गुळगुळीत असतो, विशेषणे सढळ हाताने वापरलेली असतात, आणि एवढे सगळे वाचून झाल्यावर आपण आता नेमके काय करायचे आहे, हे मात्र बहुधा कळत नाही. 'एकदा अवश्य भेट द्या' असा आग्रह असतो. पण दुकान किती वाजता उघडते, हे लिहायचे राहून गेलेले असते. त्या मानाने 'आमची कोठेही शाखा नाही' या वाक्याविषयी मला आदर आहे. लोक त्याला हसतात. परंतु यायचे तर इथेच यायचे, एवढी एकच गोष्ट ते वाक्य गिऱ्हाइकाला बजावते आणि गप्प बसते.

अमेरिकेतील जाहिरात-लेखक क्लॉड हॉपकिन्स जाहिरातीत कापून पाठवायचे कूपन छापत असे आणि परत आलेली कूपने मोजून कोणत्या मजकुराने किती माणसे हलली, याचा हिशेब ठेवत असे. आपल्याकडच्या जुन्या मासिकांतील 'व्ही.पी.ने मागवा, टपालखर्च निराळा' ही ओळ दिसायला रुक्ष खरी. पण एक कार्ड टाकायचे आणि पार्सल दारात आल्यावर पोस्टमनच्या हाती पैसे द्यायचे, ही पुढची सारी वाट तिने वाचकाला दाखवून ठेवलेली असे. याच्या उलट उदाहरणही घरचेच आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी मात्र त्यात इतके वाचनीय साहित्य आणले की पुढे त्याचे रीतसर मासिकच झाले. जाहिरात म्हणून पाहिले तर हे विषयांतरच म्हणायला हवे; मराठी वाचकांनी त्याबद्दल तक्रार करण्याचे मात्र काही कारण नाही.

माझा देवगडचा मामेभाऊ आंब्याच्या हंगामात माझ्याकडून मजकूर लिहून घेतो. त्याला एका संदेशात सगळेच हवे असते: आजोबांनी लावलेल्या कलमांचा इतिहास, कातळावरच्या जमिनीचा गुण, हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आणि शेवटी फणसपोळी, कोकम, आमरसाचे डबे. मी त्यातले बहुतेक काढून टाकतो आणि उरते ते असे: 'अक्षय्य तृतीयेला घरचा आमरस हवा असेल, तर येत्या रविवारपर्यंत आपला पत्ता आणि किती डझन, एवढेच कळवा. आंबा कच्चा पाठवू. पेंढ्यात ठेवल्यावर तो पिकायला सुमारे आठवडा लागेल.' यातली रविवारची मुदत मी लिहिलेली असली तरी ठरवलेली आंब्याने आहे. पेटी बागेतून निघणार, प्रवास करणार, मग घरात आंबा पिकणार. सोमवारी कळवणाऱ्याला सणाच्या दिवशी आमरस मिळणे कठीणच. 'ऑफरचे शेवटचे दोन दिवस' असा फलक आमच्या बाजारपेठेत वर्षभर लटकत असतो आणि त्याला कोणी बधत नाही, ते याच कारणाने: त्या दोन दिवसांनंतर काय बिघडणार आहे, हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. त्वरा करायला लावायचे असेल, तर त्वरेचे कारण मालातच असावे लागते आणि ते वाचकाला उघड सांगावे लागते.

एका हंगामात भावाला राहवले नाही. मी दिलेल्या मजकुराखाली त्याने आपल्या हाताने 'शिवाय उत्तम कोकमही मिळेल' अशी ओळ जोडली आणि संदेश पाठवून दिला. त्यानंतर कोकम ओले की सुके, आगळ आहे का, साखर घातलेले सरबत मिळेल का, किलोचा भाव काय, अशा चौकशांनी त्याचा फोन भरून गेला; आंब्याचे पत्ते मात्र नेहमीपेक्षा कमी आले. रविवारी रात्री त्याचा फोन आला तेव्हा स्वारी खुशीत होती. "बघितलंस ना, माझ्या एका ओळीवर किती लोक बोलते झाले!"