इंजिन बांधायचं की बदलायचं?

ट्रकचं जुनं इंजिन खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधायचं की दुसरं बसवायचं, आज डोक्यात हाच विषय. गळीत हंगाम लांब आहे तोवर निर्णय झालेला बरा. कारखाने सुरू झाले की ट्रक उभा ठेवणं परवडत नाही.

करूळ घाट चढताना ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धुराचा लोट, रोज ऑइल वर घालायचं, इंजिन तापलं की आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता, ऑइल प्रेशर खाली. एवढ्यावर खोलायची घाई नको. आधी एअर ब्रेकच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडावा. ऑइल भसाभसा आलं तर ब्रेकची हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्यात, आणि झिजलेला कॉम्प्रेसर हवा क्रँककेसमध्येच (इंजिनाच्या खालच्या पोटात) सोडतो, म्हणजे ब्रीदरमधला लोट तिचाही असू शकतो. टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) सीलचंही तसंच. हे दोन संशय फिटले की मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजायचं. सगळे सिलिंडर सारखेच उतरले असतील तर झीज. एकच पडला असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट.

खोलल्यावर खरा निकाल क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा देतो. उद्यमनगरात ग्राइंडिंगला टाकण्याआधी मायक्रोमीटरने जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मोजून घ्यावेत. ग्राइंड केल्यावर जर्नल बारीक होतो, म्हणून बेअरिंग 0.25, 0.50, 0.75 मिमी अशा अंडरसाइजमध्ये मिळतात. क्रँक पहिल्यांदाच ग्राइंड होत असेल तर बिनधास्त बांधा. शेवटच्या साइजला पोचला असेल, किंवा मॅग्नेटिक तपासणीत जर्नलच्या कोपऱ्याला बारीक तडा दिसला, तर नवा क्रँक धरूनच हिशेब करायचा. ब्लॉकलाच तडा असेल तर विषय संपला. माझं गणित असं: लायनर (सिलिंडरचं आतलं बदलता येणारं नळकांडं) आणि पिस्टनचं किट, बेअरिंग, गॅस्केट सेट, ऑइल पंप, हेडचं काम, नोझल-पंप कॅलिब्रेशन आणि मजुरी मिळून कंपनीच्या तयार इंजिनाच्या 60 टक्क्यांत बसलं, तर बांधायचं.

जुन्या बाजारातलं इंजिन स्वस्त दिसतं, पण आतला क्रँक कोणत्या साइजचा ते खोलल्याशिवाय कळत नाही. शिवाय इंजिन नंबर बदलतो. आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, विमा कंपनीला कळवणं आलंच. बिल आणि मूळ गाडीचे कागद नसतील तर फुकट मिळालं तरी नको.

बांधलेलं इंजिन पुन्हा जातं ते बहुतेक वेळा घाणीने. बोअरिंगचा चुरा ऑइल गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत) अडकतो आणि पहिल्या स्टार्टलाच नव्या बेअरिंगवर जातो. म्हणून गॅलरीचे प्लग काढून, ब्रश घालून धुवायचं. क्रँकची ऑइलची भोकंसुद्धा. जुन्या बेअरिंगचं मेटल ऑइलमध्ये फिरलं असेल तर ऑइल कूलर नवाच घ्यावा, आतले कण धुऊन निघत नाहीत. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज चिरलेला असेल तर तो आधी बदलायचा. नाहीतर नवे लायनरही धूळ खाऊनच झिजणार. पहिले 1,000 किमी अर्धाच लोड, मग ऑइल-फिल्टर बदलून टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवून घेणं.