एका फेरफारासाठी पाच महिने

मूळ फेरफाराचं, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदीचं, पान ज्या दिवशी हातात आलं, त्या दिवशी मला आनंदापेक्षा राग जास्त आला होता. काम अर्ध्या मिनिटाचं होतं. दुमडलेला कोपरा बोटाने सरळ करायचा आणि त्याखालची ओळ वाचायची, एवढंच. त्यासाठी सप्टेंबर ते फेब्रुवारी गेले.

मी सातारा जिल्ह्यातून पलटणीत गेलेल्या शिपायांवर लिहिते. लष्करी इतिहास म्हटलं की लोकांना गडकिल्ले आठवतात, नाहीतर १९७१. माझा विषय पहिलं महायुद्ध. आपल्याकडे कितीतरी गावांत चावडीच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, असा तिच्यावर मजकूर. नाव एकही नाही. मी ज्या गावावर काम करत होते तिथे मेलेल्यांचा आकडा चार होता, आणि ते चौघे कोण हे गावात एकालाही सांगता येईना.

पलटणीच्या वॉर डायऱ्यांत नावं मिळतील असं वाटतं, पण मिळत नाहीत. गोरा अधिकारी नुसता जखमी झाला तरी त्याचं नाव असतं, शिपाई मेले की आकडा असतो. बसऱ्याच्या स्मारकाचंही तेच. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मेलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी ते उभारलं, पण भारतीय शिपायांची नावं त्याच्या भिंतींवर कोरलीच नाहीत. मला हे दर वेळी नव्याने लागतं. नावं सापडतात ती युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत. त्या ऑनलाइन आहेत आणि फुकट पाहता येतात. शिपायाचा नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, आणि नशीब असेल तर बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा.

तीन नावं तिथेच मिळाली. चौथा अडला. तो ११७ व्या मराठा पलटणीतला. ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कुतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती. डिसेंबर १९१५ पासून वेढा, अन्न संपत आलेलं, सोडवायला निघालेल्या फौजेचीच तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली वा जखमी झाली, आणि २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड याने शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या घरात माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. हिंदी कैद्यांतल्या पुष्कळांना आजच्या सीरिया-तुर्कस्तान सीमेवरच्या रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला लावलं. आमच्या चौथ्याची मृत्यूची तारीख ऑक्टोबर १९१६ मधली, म्हणजे हा कैदेतच गेला असणार.

पण तो आमच्याच गावचा का? साहेबी स्पेलिंगमधलं ते गावाचं नाव दोन गावांना लागू पडत होतं, आणि तालुक्याची जागा मोकळी होती. इथे एक सांगून ठेवते. या नोंदींतला ‘सातारा’ म्हणजे आजचा सातारा नव्हे. तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. रत्नागिरी लिहिलं असेल तर आजचा सिंधुदुर्गही त्यात धरा, आणि रायगडसाठी कुलाबा शोधा. माझं दुसरं गाव वाळव्याकडचं निघालं.

मग सुचलं की शिपाई शेतकऱ्याच्या घरचा, तेव्हा त्याच्या नावावर जमिनीचा तुकडा असणार. तो मेला की वारसनोंद होणार, आणि ती फेरफारात येणार. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, अशी माणसं सहसा सापडत नाहीत, कारण मरण गावाबाहेरचं. पण जमीन गावातच राहते. फेरफार आता बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. १९१६ पासून पुढचे एकेक करून बघत गेले. १९२१ मध्ये नोंद दिसली. मोडीत ‘लढाईत मयत’ स्वच्छ वाचता येत होतं, खाली वारस म्हणून बायको आणि आई. आणि मयताच्या नावाच्या ओळीवर पानाचा दुमडलेला कोपरा. स्कॅन करणाऱ्याने तो उलगडलाच नव्हता.

तहसील कार्यालयात गेले. कुठलं ते लिहीत नाही. अभिलेख कक्षातल्या कारकुनाने पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, जमीन तुमची का?” नाही म्हटल्यावर, “मग जातीच्या दाखल्यासाठी?” तेही नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहणंच सोडलं. जुनं कागदपत्र मागायला माणूस या दोनच कारणांनी येतो, अशी तिथे ठाम समजूत आहे. मी पाटीचा फोटो दाखवला, महायुद्ध सांगितलं. “ऑनलाइन आहे ना सगळं?” मी दुमडलेला कोपरा दाखवला. “नकलेचा अर्ज द्या.”

अर्ज दिला, कोर्ट फी स्टँप लावला, फी भरली. दहा दिवसांनी नक्कल मिळाली. ती त्याच स्कॅनची प्रिंट होती. तोच कोपरा, आणि आता त्यावर गोल शिक्का. पैसे भरून मी माझ्याच मोबाइलमधलं चित्र विकत घेतलं होतं. तिथल्या बाकावर बसून मी अक्षरशः रडले.

मूळ पान पाहायचं आहे, नुसतं पाहायचं आहे, असं म्हटल्यावर फेऱ्या सुरू झाल्या. रेकॉर्ड कीपर कोर्टात गेलेत. साहेब व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) आहेत. किल्ली दुसऱ्यांकडे आहे, शुक्रवारी या. शुक्रवारी गेले तर निवडणुकीचं काम. घरून एसटीने सव्वा तास जायला, तेवढाच यायला, आणि शाळेतली रजा वेगळी. तिसऱ्या फेरीला कोणीतरी म्हणालं की खातेदाराचं संमतिपत्र आणा. ज्या माणसाचं नाव शोधायला मी आले आहे त्याच्याच वारसाची संमती कशी आणू, याला उत्तर नव्हतं. पाचव्या फेरीला जमीन महसूल संहितेतलं ३२७ वं कलम छापून नेलं. जमिनीचे अभिलेख फी भरून पाहायला खुले असतात, असं त्यात आहे. तो कागद वाचून बाजूला ठेवण्यात आला.

या सगळ्यात माझी एक मोठी चूक झाली आणि ती तुम्ही करू नका. पहिल्या तीन फेऱ्या मी तोंडीच बोलत राहिले. तोंडी बोलण्याला त्या टेबलावर अस्तित्वच नाही. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या, दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. पुढे अपिलात माझ्या उपयोगी पडली ती ही पोच. कलमाचा काही उपयोग झाला नाही.

शेवटी ऑक्टोबरच्या मध्याला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा स्टँप. प्रत मागितली असती तर पुन्हा तीच प्रिंट हातात पडली असती, म्हणून मागणीत मूळ फेरफार पत्रकाचं ‘निरीक्षण’ मागितलं. अभिलेख प्रत्यक्ष पाहणं या कायद्याच्या हक्कात बसतं. तीस दिवस गेले, उत्तर आलं नाही. लगेच पहिलं अपील, वीस रुपये. जानेवारीत सुनावणी लागली. अपिलीय अधिकाऱ्यांनी माझा शिक्क्याचा कोपरा पाहिला, कारकुनाकडे पाहिलं, आणि दोन मिनिटांत निरीक्षणाचा आदेश दिला. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त हे पाहणं सप्टेंबरमध्ये कोणीही करू शकलं असतं.

फेब्रुवारीत रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, सोडून पान समोर ठेवलं. कागद इतका ठिसूळ की कोपरा उलगडताना मी श्वास धरला होता. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच. आमच्या गावचाच. (मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस बरोबर न्या, तिथे मदत मिळत नाही. भिंगही न्या.)

घरी येऊन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. मृत्यू ऑक्टोबर १९१६. वारसनोंद १९२१. पाच वर्षं जमीन मेलेल्या माणसाच्या नावावर राहिली. लढाई संपल्यावरही दोन वर्षांहून जास्त काळ त्या घराने नाव कमी केलं नाही, बहुधा वाट पाहत होते. कुतच्या कैद्यांवर मी बरंच वाचलं आहे, पण त्यांच्या घरी काय चाललं होतं याचा एवढा स्पष्ट पुरावा मला कुठल्याच पुस्तकात मिळाला नव्हता. आता प्रत्येक शिपायाचा फेरफार काढायचाच असं ठरवलं आहे. शोधताना मृत्यूचं साल धरून थांबू नका, पुढची सहासात वर्षं बघा.

त्याच्या भावाचा वंश गावात आहे. नाव त्यांनाच आधी सांगायचं म्हणून इथे लिहिलं नाही. घरातल्या आजींना ‘पलटणीतला’ एवढंच ठाऊक होतं. दरवर्षी पितृपक्षात सर्वपित्रीला त्याचा म्हाळ घालतात, कारण तिथी माहीत नाही. मी कागद वाचून दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बाई, तारीख कळलीया तर तिथी बी काढून द्या की.”

शके १८३८ चं पंचांग शोधते आहे. कोणाच्या घरी जुन्या पंचांगांचा गठ्ठा असेल तर कृपया सांगा.