५० वॉटमधले वर किती पोचतात?

कम्युनिटी रेडिओ सुरू करायचा म्हटलं की आधी स्टुडिओ, मग माईक, मिक्सर, ट्रान्समीटर, आणि कोटेशनच्या अगदी शेवटी कुठेतरी फीडर केबल (ट्रान्समीटरपासून टॉवरवरच्या अँटेनापर्यंत पॉवर नेणारी) येते, आणि बजेट कमी पडलं की पहिली कात्री तिलाच. मला हे अजिबात पटत नाही. २००६ च्या धोरणात या स्टेशनांना साधारणपणे १०० वॉट इआरपी (अँटेनाने होणारी वाढ धरून बाहेर पडणारी पॉवर) आणि अँटेनाची उंची जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर, एवढंच दिलंय. म्हणजे बहुतेक ठिकाणी ५० वॉटचा ट्रान्समीटर. आधीच एवढीशी पॉवर, त्यातली निम्मी केबल गरम करण्यात गेली तर डोंगरापलीकडच्या वाडीत काय ऐकू येणार?

निम्मी हे मी उगाच म्हणत नाहीये. टॉवर ३० मीटर, शिवाय टॉवरपासून खोलीपर्यंतचं अंतर, असं धरून ४५ मीटर केबल लागते समजा. आरजी-२१३ घेतली, तर १०० मेगाहर्ट्झच्या आसपास तिचा लॉस १०० मीटरला साधारण ७ डीबी (डेसिबल, दर ३ डीबीला पॉवर निम्मी होते), म्हणजे आपल्या ४५ मीटरला ३ डीबी, म्हणजे वर पोचले २५ वॉट. हाफ इंच फोम केबल (आत फोम, त्यावर तांब्याचं अखंड आवरण, सगळे तिला हेलिॲक्सच म्हणतात) घेतली तर १०० मीटरला सव्वादोन डीबीच्या आत, वर पोचतात ४० च्या आसपास. सेव्हन बाय एट (तशीच, पण ७/८ इंची) घेतली तर ४४. हाफ इंचावरून सेव्हन बाय एटवर गेल्याने चार वॉट मिळतात, त्यासाठी जास्त पैसे, जास्त वजन, वळवायलाही अवघड, सो छोट्या स्टेशनला माझं मत हाफ इंचच. पण आरजी-२१३ वरून हाफ इंचावर जाण्यात जे मिळतं ते सोडू नका, ते कायमचं मिळतं, रोज, प्रत्येक कार्यक्रमाला. आणि घरी केबल टीव्हीची ७५ ओहमची वायर उरलीये, ती चालेल का असं विचारणारे असतात, तर नाही, ट्रान्समीटर आणि अँटेना ५० ओहमचे, केबलही ५० ओहमचीच.

आता खरा शत्रू, पाणी. आरजी टाइपच्या केबलमध्ये तांब्याची जाळी असते, वरच्या कनेक्टरमधून एकदा पाणी शिरलं की ते जाळीतून झिरपत खाली उतरत जातं. कोकणातल्या एका स्टेशनवर पावसाळ्यानंतर रेंज आक्रसली, सहा-सात किलोमीटरवरच्या गावात नुसती खरखर, आणि मीटर बघावा तर रिफ्लेक्टेड पॉवर (अँटेनाकडून परत येणारी) आधीपेक्षाही कमी! तिथल्या पोरांना वाटलं सगळं उत्तम चाललंय. यातली गोम अशी की केबलचा लॉस वाढला की वरून परतणारी पॉवरही वाटेतच जिरते, त्यामुळे खालचा मीटर छान दिसतो. हिशोबच करून बघा, केबलमध्ये ३ डीबी लॉस असेल आणि वर अँटेनाच नसेल, केबलचं टोक नुसतं उघडं असेल, तरी खाली रिफ्लेक्टेड फक्त २५ टक्के दिसणार. वर एसडब्ल्यूआर (पॉवर किती परततेय त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) २ असेल तर खाली १.४ दिसणार. म्हणून आम्ही वरच्या टोकाला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा) आणि वॉटमीटर लावून बघितलं, तर ५० मधले जेमतेम १४ वॉट. केबल कापली तर जाळी काळी-हिरवी पडलेली, आणि कनेक्टर उघडल्यावर आतून पाण्याचे थेंब पडले. वरच्या जॉइंटवर नुसती इलेक्ट्रिशियनची टेप गुंडाळलेली होती, तीही उन्हाने सुटलेली.

जॉइंट कसा करायचा ते इथे नीट सांगतो. हेलिॲक्स कापताना टोक खाली धरून कापा, नाहीतर तांब्याचा कीस फोमवर बसतो आणि आत राहतो, ब्रशने झाडून काढा, कडा घासून गुळगुळीत करा. मग कनेक्टर, पान्याने नीट घट्ट. त्यावर आधी साध्या पीव्हीसी टेपचा एक थर, म्हणजे उद्या उघडायचं झालं तर वरच्या रबरी टेपचा चिकट मसाला कनेक्टरला लागत नाही. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, ताणून, अर्धी अर्धी चढवत. आणि सगळ्यात वर परत पीव्हीसी टेप, पण ही खालून वर गुंडाळत जायची, कौलं बसवतात तशी, म्हणजे वरून येणारं पाणी सांध्यात न शिरता ओघळून जातं. शेवटचा वेढा ताणायचा नाही, ताणलेली टेप उन्हात परत उलगडते. हे काम भर पावसात किंवा ओल्या हाताने करू नका, मसाल्याखाली कोंडलेला ओलावा कुठेच जात नाही.

केबल वर नेताना तिच्याच वजनावर लटकवू नका, दोराला बांधून ओढा आणि साधारण मीटरभराने क्लॅम्प मारा. पांढरे प्लास्टिकचे टाय दोन उन्हाळ्यांत तुटतात, नकोतच. हाफ इंच केबल १२५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवायची नाही. एकदा मोडून परत सरळ केली तरी आतला चेमटलेला भाग तसाच राहतो. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथून ठिबकून जातं, भिंतीतून आत येत नाही.

वळवाच्या विजांचं म्हणाल तर अर्थिंग किट (केबलचं तांब्याचं आवरण अर्थला जोडणारं) तीन जागी लावा, वर अँटेनाजवळ, खाली केबल खोलीकडे वळते त्याच्या आधी, आणि खोलीच्या भिंतीपाशी. आणि टॉवरचं अर्थिंग वेगळं, लाइटचं वेगळं, असं ठेवू नका, सगळी एकमेकांना जोडा, नाहीतर वीज पडते तेव्हा दोन्हींमधला फरक ट्रान्समीटरमधून वाट काढतो.

मोठ्या स्टेशनांचं सगळंच निराळं, तिथे तांब्याच्या नळ्यांची लाइन असते, आत हवाच इन्सुलेटर, त्यात कोरडी हवा किंवा नायट्रोजन थोड्या दाबाने भरून ठेवतात, दाब उतरला की कुठेतरी गळतंय हे लगेच कळतं. आपल्या छोट्या स्टेशनला ती सोय नाही, आपली सोय म्हणजे वही. केबल नवीन असतानाच फॉरवर्ड (ट्रान्समीटरकडून वर जाणारी पॉवर), रिफ्लेक्टेड आणि वरच्या टोकाला मिळालेले वॉट लिहून ठेवा. नंतर रोज फॉरवर्ड आणि रिफ्लेक्टेड, आणि त्या दिवशी पाऊस होता का तेही. आकडा कुठल्याही बाजूला सरकला, अगदी सुधारला तरी, कारण शोधा. मल्टीमीटरने शॉर्ट दाखवला म्हणून लगेच केबलला दोष देऊ नका, बऱ्याच एफएम अँटेना डीसीला (मल्टीमीटर तेच वापरतो) शॉर्टच असतात, आधी दोन्ही टोकं सोडवा आणि मग तपासा.

दर मे महिन्यात वळीव नसलेला दिवस बघून रिगरला (टॉवरवर चढून काम करणाऱ्याला) वर पाठवा, टेप, क्लॅम्प, अर्थिंगचे बोल्ट सगळं बघून घ्या, माकडं असतील त्या भागात केबलचं वरचं आवरणही. तो चढायच्या आधी ट्रान्समीटर बंद, मेन स्विचला कुलूप, आणि चावी चढणाऱ्याच्याच खिशात. ५० वॉटने काय होतंय असं म्हणणारे भेटतात, पण चालू अँटेनाला हात लागला तर चटका बसतो, आणि ३० मीटरवर दचकून हात सुटला तर काय होईल ते सांगायला नको.