उतरताना चुकणारं बोट

सेविया (स्पेन), मंगळवार, रात्र

फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचं संगीत, गिटारवर शिकतोय. सरावाचा मेट्रोनोम (लय मोजून देणारं यंत्र) आज 72 वर आणला. दोन महिन्यांपूर्वी मी तोच तुकडा 120 वर वाजवत होतो. म्हणजे, वाजवतोय असं मला वाटत होतं.

गेल्या गुरुवारी शिकवणीत सोलेआ या फ्लामेंको प्रकारातली एक फालसेता (गिटारची छोटी सुरावट) वाजवली, शेवटचं पिकादो (एकेका स्वराची वेगवान तान) सर्रकन खाली उतरवलं आणि शाबासकीच्या आशेने वर बघितलं. माएस्त्रो (इथले गुरुजी) एवढंच म्हणाले, "सुसिओ." मळकं. आणि खिडकी उघडायला उठले. उकाडा होता हे खरं, पण मला ते लागलंच.

घरी येऊन फोनवर रेकॉर्ड केलं आणि निम्म्या वेगाने ऐकलं. ऐकवेना. गंमत म्हणजे वर चढताना सगळं ठीक होतं. खाली येताना मात्र तार बदलली की दर वेळी एक स्वर उशिरा आणि चेपलेला यायचा. अंधारात जिना उतरताना एखादी पायरी चुकते ना, तसा.

कारण सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. पिकादोत तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालतात. तार छेडली की बोट हवेत राहत नाही, शेजारच्या जाड तारेवर येऊन टेकतं (पहिली तार सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड). हेच अपोयांदो. जाडीकडून बारीककडे जाताना या टेकण्याने फुकटात साफसफाई होते. चौथ्या तारेवरून तिसरीवर आलो की बोट चौथीवर टेकतं आणि ती आपोआप गप्प होते. उलट येताना हाच गुण अंगाशी येतो. पहिली तार वाजवून तर्जनी दुसरीवर येऊन बसलेलीच असते आणि पुढचा स्वरही दुसरीवरच असतो. मग ती म्हणते, आलेच आहे तर वाजवूनच टाकते. पाळी मधल्या बोटाची, वाजवणार तर्जनी! हळू लयीत हे खपतं. वेगात एकाच बोटाला लागोपाठ दोन कामं झेपत नाहीत.

सोलेआत ही चूक लपतही नाही. बारा मात्रा, जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. माझी फालसेता दहावर येऊन विसावते आणि ती उतरण नेमकी त्याच्या आधी आहे. तबल्यामुळे समेला पहिल्या मात्रेवर भेटायची सवय असलेलं माझं डोकं ती दहा दिसली की घाबरून धावत सुटतं.

म्हणून सध्या डाव्या हाताला सुट्टी. फक्त दोन मोकळ्या तारा, पहिलीवर तीन स्वर, दुसरीवर तीन. एकदा सुरुवात तर्जनीने, एकदा मधल्या बोटाने. सांगलीत लहानपणी तबला शिकलो, त्यामुळे बोल तोंडाने म्हटल्याशिवाय माझा हात चालत नाही. "त-म-त, म-त-म" असं पुटपुटत बसतो. तबल्याचे गुरुजी निकास, म्हणजे हातातून बोल उमटणं, स्वच्छ झाल्याशिवाय लय वाढवू द्यायचे नाहीत. तेव्हा त्यांचा राग यायचा. अंगठा सहाव्या तारेवर नुसता टेकवायचा, हेही नव्याने शिकतोय. मी तो इतका दाबत होतो की मनगट लाकडासारखं व्हायचं.

स्वच्छ म्हणजे गुळगुळीत नव्हे, हे मात्र इथे येऊन कळलं. फ्लामेंको गिटार मुळातच करकरीत. सायप्रेस झाडाचं हलकं लाकूड, तारा पट्टीच्या अगदी जवळ. जोरात छेडलं की थोडी झणझण येणारच, आणि यावीच. शास्त्रीय गिटारचा तो गोल, लोण्यासारखा नाद इथे कुणी मागत नाही. प्रत्येक स्वर सुटा आणि वेळेवर आला की झालं.

मध्येच आईचा फोन. "अजून तेच टुणटुण? गाणं कधी येणार?" विषय बदलायला तिला फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिआचं सांगितलं. 1947 साली आल्हेसिरासला जन्मला, पाळण्यातलं नाव फ्रान्सिस्को, आणि लुसिआ ही त्याची आई. म्हणजे लुसिआचा पाको. त्याच्या पिकादोपुढे अजून भले भले कान पकडतात, हे सांगेपर्यंत ती "आईचं नाव लावलं होय!" यावरच खूश होऊन बसली होती. तंत्राशी याचा काही संबंध नाही, पण लिहून ठेवलं.

आजचा हिशोब: 72 वर वीस वेळा उतरलो, चौदा वेळा बोटं पाळीने आली. काल नऊ होती. 80 वर लगेच मोह झाला, करून पाहिलं, पुन्हा तेच. परत 72.

आणि आत्ता गिटार पेटीत ठेवताना कडी लागून मधल्या बोटाचं नख चिरलं. इथले वादक अशा वेळी बिनधास्त सुपरग्लू लावतात. माझ्याकडची ट्यूब वाळून दगड झाली आहे, दुकानं कधीच बंद झाली. उद्या फक्त अंगठ्याचं काम.