युद्धकैद्यांच्या कागदांसाठी माहिती अधिकार : माझा अनुभव

१९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात होते. त्यांना परत पाठवायचं सरकारने ठरवलं, तेव्हा संसदेला किती सांगितलं? एलएलएमच्या प्रबंधासाठी मला हे हवं होतं. लोकसभेतल्या चर्चा पुण्यात घरबसल्या मिळाल्या, संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात. मंत्र्यांसाठी तयार केलेली टिपणं मात्र दिल्लीतल्या एका मंत्रालयाकडे मागावी लागली.

तिथून एका ओळीचं उत्तर आलं : माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(क) नुसार (सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांचा अपवाद) माहिती देता येत नाही. कारण नाही, अपील कोणाकडे करायचं तेही नाही. खरं तर कलम ७(८) नुसार या दोन्ही गोष्टी लिहिणं बंधनकारक आहे. वीस वर्षांहून जुनी माहिती द्यावी असं कायदा म्हणतो, पण सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांचा अपवाद तिथेही उरतो, आणि अधिकारी तोच पुढे करतात. मी काय मागितलं होतं? कैदी परत पाठवण्यासाठी भारत-पाकिस्तानमध्ये झालेल्या ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारात १९५ कैदी वगळले होते, कारण बांगलादेशला त्यांच्यावर खटले चालवायचे होते. एप्रिल १९७४ मध्ये तो आग्रह सुटला आणि तेही परत गेले. हे सभागृहाला कसं समजावलं, एवढंच.

याचा मला अजून राग आहे. अमेरिकेत ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगातला कैदी हलवण्याआधी ३० दिवस संसदेला कळवण्याचा कायदा होता. २०१४ मध्ये पाच तालिबानी कैदी न कळवता सोडले, तेव्हा त्यांच्याच संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने कायदा मोडल्याचं लेखी नोंदवलं. आपल्याकडे आधी कळवण्याचं असं बंधनच नाही. संसद नंतर प्रश्न विचारते. मग निदान नंतरचे कागद तरी उघडे हवेत.

तुम्हालाही असा नकार आला तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत टाका, केंद्राकडे त्याला फी नाही. ‘गोपनीय भाग झाकून उरलेलं द्या’ असं कलम १० चा उल्लेख करून स्पष्ट लिहा. माझं काम त्यानेच हललं. सोबत कलम ८(२) मधलं सार्वजनिक हितही मांडा. आणि हो, ऑनलाइन अर्जात ३,००० अक्षरांचीच जागा असते. जास्त लिहायचं तर पीडीएफ जोडा.

काही पानं आली, मधल्या ओळी काळ्या करून. ती पाहून मी खोलीत अक्षरशः ओरडले. उरलेल्या पानांसाठी केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील केलं आहे. ते ९० दिवसांच्या आत करावं लागतं.