आमची वाटचाल : आकड्यामागचे गाव

आमची पेढी वडिलांनी पुण्यात सुरू केली, ती शाळकरी मुलांना टपाल तिकिटांच्या पुड्या विकण्यापासून. लष्करी टपालाकडे, म्हणजे सैनिकांनी आघाडीवरून पाठवलेल्या पत्रांकडे, आम्ही वळलो ते मात्र गिऱ्हाइकांमुळे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या, त्यामुळे सातारा-रत्नागिरीकडची माणसे पणजोबांची पाकिटे घेऊन दुकानात येत आणि विचारत, “हे आलं कुठून?”

शिक्क्यावर याचे उत्तर नसते. फौजेचा मुक्काम शत्रूला कळू नये म्हणून ब्रिटिश लष्कराच्या शिक्क्यात ‘फील्ड पोस्ट ऑफिस’ हे शब्द, एखादा आकडा वा अक्षर आणि तारीख एवढेच असे. शिवाय हे डाकघर गावाचे नसून ब्रिगेडचे किंवा डिव्हिजनचे असल्यामुळे फौज हलली की शिक्काही तिच्याबरोबर पुढे जाई. म्हणून आकडा आणि तारीख यांची जोडी जुळल्यावरच गाव सापडते. त्या दिवशी ती ब्रिगेड कुठे होती, हे लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यू.ओ. ९५’ या मालिकेत जतन केलेल्या युद्ध-रोजनिशींवरून ताडून पाहावे लागते.

हे आम्ही एका चुकीतून शिकलो. ब्रिटिशांच्या ८८व्या ब्रिगेडचे एक पाकीट आम्ही ‘गॅलिपोली (तुर्कस्तान), मे १९१५’ म्हणून विकले. ही ब्रिगेड एप्रिल १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या दक्षिण टोकाला हेलेसच्या किनाऱ्यावर उतरली, जानेवारी १९१६ मध्ये तिथून निघून इजिप्तला गेली आणि मार्चमध्ये फ्रान्समध्ये पोहोचली. गिऱ्हाइकाने महिन्याभराने पाकीट परत आणून सेन्सॉरच्या, म्हणजे पत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लाल शिक्क्यावर बोट ठेवले. तो षट्कोनी होता, आणि त्या आकाराचा शिक्का मे १९१५ मध्ये वापरात आलेलाच नव्हता. दहापट भिंगाखाली पुन्हा पाहिले, तेव्हा ज्याला आम्ही ५ समजलो होतो त्या अंकाच्या पोटात शाईची बारीक कड वळून बंद झालेली दिसली. तो ६ होता. पाकीट फ्रान्सचे होते. पैसे त्याच दिवशी परत केले; तेव्हापासून वर्षाचा अंक दोन माणसांनी वेगवेगळा वाचल्याशिवाय आमच्याकडे कोणत्याही पाकिटाला ठिकाण-तारखेची चिठ्ठी लागत नाही.

त्या चिठ्ठीवर आम्ही ‘लिहिले गेले’ असे न म्हणता ‘शिक्का पडला’ असे म्हणतो, कारण पत्र खंदकात लिहिलेले असले तरी शिक्का मागच्या डाकघरात पडे. तिकिटावरूनही घाईने निष्कर्ष काढता येत नाही. ‘आय.ई.एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परदेशी पाठवलेली भारतीय फौज) ही अक्षरे छापलेले पंचम जॉर्जचे भारतीय तिकीट दिसले की अनेकजण मेसोपोटेमिया गृहीत धरतात. पण हीच तिकिटे फ्रान्स आणि पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय फौजांकडेही होती.

गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील एक आजी नातवाबरोबर आल्या. सासऱ्यांचे हे पत्र मेसोपोटेमियातल्या कुट या गावाच्या वेढ्यातून आले, असे घरात तीन पिढ्या सांगितले जात होते. शिक्का भारतीय फील्ड पोस्ट ऑफिसचा होता आणि तारीख स्वच्छ उमटली होती : फेब्रुवारी १९१६. कुटला वेढा पडला डिसेंबर १९१५ मध्ये आणि तिथली फौज शरण आली २९ एप्रिल १९१६ रोजी. मधल्या काळात आतून नेहमीचे टपाल बाहेर पडतच नव्हते. म्हणजे हे पत्र आत अडकलेल्यांचे नसून त्यांना सोडवायला टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकणाऱ्या फौजेतल्या शिपायाचे असणार. हे सांगताना मला जड गेले. आजींनी पाकीट हातात घेतले, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “म्हणजे ते सोडवायला गेले होते.” आम्ही चिठ्ठीवर ‘टायग्रिसकाठ, कुटच्या खालच्या अंगाला’ असे लिहून पाकीट त्यांच्याकडेच ठेवायला दिले.