जे. एच. टेलरच्या गायरानावर

बार्नस्टेपलला रेल्वे संपते. पुढे बिडफर्डमार्गे बसने नॉर्दमला उतरलो, तर वारा असा की टोपी हाताने धरूनच चालावं लागलं. मला मात्र आनंद झाला. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या या टोकाला मी आलो होतो तो हा वारा अनुभवायलाच. १९१३ साली हॉयलेकला गोल्फच्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत शेवटच्या दिवशी वादळाने भल्याभल्यांची दाणादाण उडवली, तेव्हा बेचाळीस वर्षांचा जॉन हेन्री टेलर पाय रोवून खेळत राहिला आणि तब्बल आठ फटक्यांनी जिंकला. त्याची ती पाचवी ओपन. असं खेळायला माणूस शिकतो कुठे, ते मला बघायचं होतं.

उतार संपला की नॉर्दम बरोजचा सपाट माळ लागतो. पलीकडे समुद्राने स्वतःच रचलेला करड्या गोट्यांचा लांबलचक बांध. आडोशाला झाड म्हणून नाही. हे गावचं गायरान. नॉर्दममध्ये ज्याची चूल पेटते त्याला इथे जनावरं चारायचा हक्क, ही फार जुनी वहिवाट. मेंढ्या आणि घोडी आजही मोकळी फिरतात, आणि त्यांच्यामधूनच १८६४ पासून रॉयल नॉर्थ डेव्हन क्लबचा गोल्फ चालतो. मूळ जागेवरच आजवर टिकून राहिलेलं इंग्लंडमधलं हे सगळ्यांत जुनं मैदान.

माळावर जागोजाग लव्हाळ्यांची बेटं आहेत. ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ हे आपल्या ओठांवर असतं, म्हणून सहज हात लावायला गेलो आणि बोटातून रक्तच आलं. हे लव्हाळं कमरेएवढं उंच, ताठ, टोकाला दाभणासारखं. चेंडू त्यात गेला की गेलाच. वरून वारा, खाली हे काटे. म्हणजे चेंडू सरळ आणि ठेंगणा मारण्यावाचून गत्यंतर नाही. टेलरचा मॅशी नावाच्या लोखंडी पात्याच्या काठीचा तो प्रसिद्ध, आखूड, अचूक फटका इथे उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा नीट कळला.

त्याचा जन्म १८७१ चा, याच नॉर्दमचा. वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं, अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा साहेबलोकांच्या गोल्फच्या काठ्यांच्या पिशव्या वाहू लागला, म्हणजे कॅडी झाला. माळाच्या कडेला वेस्टवर्ड हो! नावाची वस्ती आहे (उद्गारचिन्ह नावातच आहे). मुंबईत जे. जे.च्या आवारात जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८७८ ते १८८२ तिथल्या शाळेत होता. जवळपास एकाच वेळी दोन्ही पोरांची शाळा संपली. एक लाहोरला वर्तमानपत्रात लागला, दुसऱ्याच्या खांद्यावर पिशवी आली. मला इथे ओढून आणलं ते या दुसऱ्याने.

कॅडी, मग मैदानाची निगा राखणारा, मग बर्नहॅमला व्यावसायिक खेळाडू. १८९४ साली सँडविचला त्याने ओपन जिंकली. ओपन जिंकणारा तो पहिला इंग्लिश व्यावसायिक. त्याआधीचे दोन्ही इंग्लिश विजेते हौशी होते. पुढच्या वर्षी आणि पुन्हा १९०० साली सेंट अँड्र्यूजला, १९०९ साली डीलला. हॅरी वार्डन, जेम्स ब्रेड आणि टेलर या तिघांनी मिळून १८९४ ते १९१४ मध्ये सोळा ओपन जिंकल्या. टेलर सहा वेळा दुसराही आला, त्यातल्या चार सलग, १९०४ ते १९०७. त्या चार वर्षांत त्याला काय वाटलं असेल!

पण माझ्या लेखी त्याचं सगळ्यांत मोठं काम १९०१ चं आहे. तेव्हाच्या व्यावसायिकाला क्लबकडून मिळणारा पगार तुटपुंजा. घर चालायचं ते चेंडू विकून आणि काठ्या दुरुस्त करून. काही क्लब ते दुकानही परस्पर दुसऱ्याला द्यायला निघाले, तेव्हा टेलरने सगळ्यांची मोट बांधली. त्यातून व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना, आजची पीजीए, उभी राहिली आणि पहिला अध्यक्ष तोच झाला. शाळा सुटलेला हा माणूस भाषणंही फर्डी करायचा. पुढे कामगार खेळाडूंच्या संघटनेसाठी तो झटला, लंडनच्या रिचमंड पार्कात सर्वसामान्यांसाठी मैदान व्हावं म्हणूनही झटला. ते १९२३ साली सुरू झालं.

लंडनजवळचा मिड-सरेचा क्लब त्याने १९४६ पर्यंत सांभाळला आणि मग तो नॉर्दमला परतला. व्यावसायिकाला क्लबहाऊसचा उंबरा ओलांडू न देण्याच्या काळात त्याची उमेदीची वर्षं गेलेली. १९५७ साली रॉयल नॉर्थ डेव्हनने त्यालाच आपला अध्यक्ष केलं. त्या क्लबहाऊसमधल्या छोट्या संग्रहालयात जुन्या काठ्यांसमोर उभा असताना मला आठवत होता तो अकरा वर्षांचा पोरगा. माझे डोळे भरून आले.

बाहेर आलो तेव्हा एक घोडी फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या खेळपट्ट्याच्या, मधोमध चरत होती. दोन म्हातारे खेळाडू काठ्या टेकून शांतपणे थांबले होते. ती बाजूला सरली, एकाने पाय रोवले, आणि चेंडू गवताला चाटून जावा तसा वाऱ्याखालून सरळ निघून गेला.